पोलिओप्लस

पोलिओप्लस हा पोलिओ या रोगाचे जगातून समूळ उच्चाटन करण्यासाठी रोटरी इंटरनॅशनल या सेवा संघटनेने १९८५ साली सुरू केलेला निधी संकलनाचा आणि स्वयंसेवेचा कार्यक्रम आहे. जगभरातील स्थानिक रोटरी क्लबांनी आपापल्या गावांत गोळा केलेला पैसा आणि सदस्यांनी दिलेला वेळ हे या कार्यक्रमाचे दोन आधारस्तंभ आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या जागतिक पोलिओ निर्मूलन उपक्रमाच्या संस्थापक भागीदारांमध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्र यांच्यासोबत रोटरीचा समावेश होतो. या चार भागीदारांपैकी रोटरी ही एकमेव बिगरसरकारी सदस्यसंघटना होती. आरंभापासून रोटरीने या कामासाठी २ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली आहे.

भारतात पोलिओप्लसचे काम मुख्यतः पल्स पोलिओ मोहिमेच्या माध्यमातून झाले. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त प्रमाणित झाला.

== पार्श्वभूमी ==

=== पोलिओ ===

पोलिओ किंवा बालपक्षाघात हा विषाणूजन्य सांसर्गिक रोग आहे. हा विषाणू प्रामुख्याने दूषित पाणी, अन्न व अस्वच्छ हात यांवाटे तोंडातून शरीरात शिरतो आणि आतड्यात वाढतो. संसर्ग झालेल्या बहुसंख्य मुलांमध्ये कोणतीही ठळक लक्षणे दिसत नाहीत. सुमारे दोनशे संसर्गांमागे एका मुलामध्ये विषाणू मज्जासंस्थेवर आघात करतो आणि हातपाय कायमचे लुळे पडतात. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यास मृत्यू ओढवतो. या रोगावर इलाज नाही. प्रतिबंध हाच एकमेव उपाय आहे.

जोनास साल्क यांची टोचून देण्याची लस १९५५ साली वापरात आली. त्यानंतर आल्बर्ट सेबिन यांनी क्षीण केलेल्या जिवंत विषाणूपासून तोंडावाटे देण्याची लस विकसित केली. सेबिन लस स्वस्त आहे. ती देण्यासाठी सुई, सिरिंज किंवा प्रशिक्षित परिचारिका यांची गरज नसते. थोडक्या प्रशिक्षणानंतर कोणीही सामान्य माणूस बाळाच्या तोंडात दोन थेंब टाकू शकतो. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या क्लब सदस्यांना लसीकरणाच्या कामात थेट भाग घेता आला, त्यामागे लसीचा हा साधेपणा हे महत्त्वाचे कारण होते.

=== रोटरी क्लब ===

पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तीन सहकाऱ्यांसह शिकागो येथे पहिला रोटरी क्लब स्थापन केला. सुरुवातीला बैठका आळीपाळीने सदस्यांच्या कार्यालयांत भरत, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले. व्यावसायिकांचा परस्परपरिचय हा क्लबाचा मूळ हेतू होता. १९०७ साली शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्यासाठी क्लबाने पुढाकार घेतला आणि समाजोपयोगी काम हे त्याचे दुसरे अंग बनले.

भारतातील पहिला रोटरी क्लब १९१९ साली कोलकाता येथे, तर मुंबईचा क्लब १९२९ साली सुरू झाला. क्लबाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते आणि अध्यक्ष दरवर्षी बदलतो. अनेक क्लब मिळून एक प्रांत होतो व त्याच्या प्रमुखास प्रांतपाल म्हणतात. प्रत्येक क्लब आपले प्रकल्प स्वतः ठरवतो. रक्तदान, नेत्रतपासणी, शाळांना साहित्य, पाणीपुरवठा अशी कामे क्लब आपल्या परिसराच्या गरजेनुसार निवडतात. हजारो स्वायत्त क्लबांनी अनेक दशके एकच काम हाती धरल्याचे पोलिओप्लस हे रोटरीच्या इतिहासातील ठळक उदाहरण आहे.

== आरंभ ==

=== फिलिपिन्समधील प्रकल्प ===

१९७०च्या दशकाच्या अखेरीस रोटरीने आरोग्य, भूक आणि मानवता या विषयांवरील मोठ्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र अनुदान योजना आखली. या योजनेखालील पहिला प्रकल्प फिलिपिन्समध्ये पोलिओ लसीकरणाचा होता. २९ सप्टेंबर १९७९ रोजी मनिला महानगरातील मकाती येथे रोटरीचे तत्कालीन जागतिक अध्यक्ष जेम्स बोमार यांनी एका बालकास लसीचे थेंब पाजून त्याचा आरंभ केला. सुमारे ६० लाख मुलांना लस देण्याचा हा बहुवर्षीय कार्यक्रम होता. लस रोटरीच्या पैशातून पुरवण्यात आली. ती मुलांपर्यंत पोचवण्याचे काम शासकीय आरोग्य यंत्रणेने स्थानिक क्लबांच्या मदतीने केले.

या प्रकल्पातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, सेवा क्लब सरकारची जागा घेऊ शकत नाही, परंतु सरकारी यंत्रणेला मनुष्यबळ, वाहने आणि स्थानिक ओळखीपाळखी यांची जोड देऊ शकतो. दुसरी, एका देशात जे साधले ते अनेक देशांत करून पाहता येईल. विषाणुशास्त्रज्ञ व रोटरी सदस्य जॉन सेव्हर यांनी पोलिओ हे संघटनेचे जागतिक उद्दिष्ट असावे, असा आग्रह धरला होता.

=== नाव ===

कार्यक्रमाचे प्रारंभीचे नाव ‘पोलिओ २००५’ असे होते. २००५ साली रोटरीची शताब्दी होती आणि तोवर जगातील सर्व बालकांना पोलिओची लस मिळावी, अशी कल्पना त्यामागे होती. पुढे ‘पोलिओप्लस’ हे नाव स्वीकारण्यात आले. त्यातील ‘प्लस’ हा शब्द पोलिओसोबत गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि क्षयरोग यांवरील नियमित लसीकरणालाही बळ मिळावे, हा उद्देश सूचित करतो.

== निधी संकलन ==

=== पहिली मोहीम ===

१९८५ साली रोटरीने १२ कोटी डॉलर जमवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. तोवर संघटनेने एवढ्या मोठ्या रकमेची मोहीम कधी हाती घेतली नव्हती. १९८८ सालापर्यंतच्या या मोहिमेतून जमलेला एकूण आकडा सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलर, म्हणजे उद्दिष्टाच्या दुपटीहून अधिक होता. १९८८ सालीच मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने २००० सालापर्यंत पोलिओचे निर्मूलन करण्याचा ठराव केला. त्या वेळी १२५ हून अधिक देशांत या रोगाचा कायम वास होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुले लुळी पडत होती.

=== क्लबांच्या पद्धती ===

पोलिओप्लसचा निधी मोठ्या देणगीदारांसोबतच लहान लहान स्थानिक उपक्रमांतून उभा राहिला आहे. त्याच्या सर्वसाधारण पद्धती पुढीलप्रमाणे आहेत:

* सदस्यांची वार्षिक देणगी. अनेक सदस्य दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा संकल्प करतात. रोटरी फाउंडेशनला एकूण १,००० डॉलर देणाऱ्यास किंवा ज्याच्या नावे ती रक्कम दिली जाते त्यास ‘पॉल हॅरिस फेलो’ हा सन्मान मिळतो.
* बैठकीतील वर्गणी. काही देशांत साप्ताहिक बैठकीत उशिरा येणाऱ्याकडून गमतीखातर दंड घेण्याची, अथवा आनंदाची बातमी सांगणाऱ्याने डब्यात पैसे टाकण्याची प्रथा आहे.
* सार्वजनिक कार्यक्रम. चालण्याच्या व सायकलच्या फेऱ्या, मॅरेथॉन, खाद्यमेळे आणि संगीत कार्यक्रम यांच्या तिकीटविक्रीतून निधी जमवला जातो. भारतात कार्यक्रमाच्या स्मरणिकेतील जाहिराती हा क्लबांच्या उत्पन्नाचा परिचित मार्ग आहे.
* प्रतीकात्मक मोहिमा. लस दिलेल्या मुलाच्या करंगळीला जांभळी शाई लावतात, त्यावरून जांभळा रंग या कार्याचे चिन्ह बनला. ब्रिटन व आयर्लंडमधील क्लब जांभळ्या क्रोकस फुलांचे कंद लावतात. जर्मनीत बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणे गोळा करून विकण्याची मोहीम झाली. पाचशे झाकणांच्या विक्रीतून एका लसीचा खर्च निघतो, असा तिचा हिशेब होता.

=== नंतरच्या मोहिमा व जोड अनुदान ===

निर्मूलनाची मुदत लांबत गेल्यामुळे २००२ साली रोटरीने ८ कोटी डॉलरांच्या उद्दिष्टाने दुसरी मोठी मोहीम हाती घेतली आणि तेही उद्दिष्ट ओलांडले. २००७ साली बिल व मेलिंडा गेट्स फाउंडेशनने १० कोटी डॉलरांचे आव्हान अनुदान दिले आणि २००९ साली त्यात आणखी २५ कोटी ५० लाख डॉलरांची भर घातली. त्या बदल्यात रोटरीने स्वतः २० कोटी डॉलर उभे करायचे होते. क्लबांनी ही रक्कम मुदतीपूर्वी जमवली. २०१३ पासून रोटरीच्या प्रत्येक डॉलरमागे गेट्स फाउंडेशन दोन डॉलर देते. २०१७ साली झालेल्या करारानुसार रोटरीने वर्षाला ५ कोटी डॉलर जमवल्यास एकूण रक्कम १५ कोटी डॉलर होते.

निर्मूलनाच्या एकूण जागतिक खर्चाचा मोठा हिस्सा सरकारांनी उचललेला आहे. त्यामुळे रोटरीच्या कार्याचा एक भाग प्रत्यक्ष निधीऐवजी पाठपुराव्याचा आहे. निरनिराळ्या देशांतील सदस्य आपापल्या सरकारांनी या कामासाठी तरतूद करावी, यासाठी लोकप्रतिनिधींना भेटतात.

== भारतातील कार्य ==

=== पल्स पोलिओची सुरुवात ===

भारतात १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तरी पोलिओचे प्रमाण मोठे राहिले. नियमित लसीकरणाव्यतिरिक्त एका भागातील सर्व मुलांना एकाच दिवशी लस देण्याच्या पद्धतीला ‘पल्स’ लसीकरण म्हणतात. सर्व मुलांच्या आतड्यांत एकाच वेळी लसीचा विषाणू पोचल्यामुळे नैसर्गिक विषाणूला वाढण्यास जागा उरत नाही, हे तिचे तत्त्व होय. तमिळनाडूतील वेल्लोर येथे विषाणुशास्त्रज्ञ टी. जेकब जॉन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत वापरून दाखवली. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्ली राज्याने तत्कालीन आरोग्यमंत्री हर्ष वर्धन यांच्या पुढाकाराने ती राबवली.

पहिला राष्ट्रव्यापी लसीकरण दिवस ९ डिसेंबर १९९५ रोजी आणि दुसरा २० जानेवारी १९९६ रोजी पाळण्यात आला. पहिल्या वर्षी तीन वर्षांखालील मुलांना व त्यानंतर पाच वर्षांखालील सर्व मुलांना डोस देण्यात आले. मोहिमेने पूर्ण आकार घेतल्यावर एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना लस दिली जात असे आणि त्यासाठी २० लाखांहून अधिक लसीकरण कर्मचारी व स्वयंसेवक राबत. यांतील बहुसंख्य अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, परिचारिका आणि अन्य शासकीय कर्मचारी होते. खर्चाचा बहुतांश भारही भारत सरकारनेच सोसला. रोटरीच्या सहभागाचे मोल या चौकटीतच समजून घ्यावे लागते.

=== बूथवरील काम ===

पल्स पोलिओची फेरी बहुधा रविवारी सुरू होते. पहिल्या दिवशी शाळा, समाजमंदिर, देऊळ, मशीद, बसस्थानक अशा ठिकाणी बूथ उघडतात. पुढील काही दिवस पथके घरोघर जाऊन राहिलेल्या मुलांना डोस देतात व घराच्या भिंतीवर खडूने खूण करतात. ‘पी’ ही खूण सर्व मुलांना डोस मिळाल्याची, तर ‘एक्स’ ही खूण पुन्हा येणे आवश्यक असल्याची असते.

क्लबांच्या सदस्यांनी या व्यवस्थेत पुढील प्रकारची कामे केली:

* फलक, भित्तिपत्रके, टोप्या, पिवळी जाकिटे यांचा पुरवठा, तसेच रिक्षावर ध्वनिक्षेपक लावून गल्लोगल्ली दवंडी देणे.
* लसीच्या पेट्यांसाठी बर्फ व वाहनांची सोय करणे. लस शीतसाखळीत ठेवावी लागते. कुपीवरील चौकोनी खुणेचा रंग बदलल्यास ती निरुपयोगी ठरते.
* बूथवर मुलांना रांगेत आणणे, थेंब पाजणे, करंगळीला शाई लावणे आणि नोंद ठेवणे.
* मुलांना शिट्ट्या, फुगे, मुखवटे अशी लहान खेळणी देणे. एका मुलाच्या हाती शिट्टी दिसली की वस्तीतील इतर मुले आपोआप बूथकडे येत, असा अनुभव होता.
* बूथवर दिवसभर थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या चहापाण्याची व जेवणाची व्यवस्था करणे.

रोटरी सदस्यांसोबत इनर व्हील क्लबांच्या महिला, महाविद्यालयीन वयोगटातील रोटरॅक्ट आणि शालेय वयोगटातील इंटरॅक्ट क्लबांचे सदस्य या कामात सहभागी झाले. अमेरिका, ब्रिटन, जपान इत्यादी देशांतील रोटरी सदस्य स्वखर्चाने भारतात येऊन लसीकरण फेऱ्यांत काम करून गेले. रोटरीतर्फे देशपातळीवरील समन्वय भारतीय राष्ट्रीय पोलिओप्लस समितीने केला. दीपक कपूर यांनी दीर्घकाळ तिचे अध्यक्षपद सांभाळले.

=== उत्तर प्रदेश व बिहार ===

देशातील बहुतेक राज्यांत विषाणूचा प्रसार थांबल्यावरही पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये तो टिकून राहिला. दाट लोकवस्ती, उघडी गटारे आणि वारंवार होणारा अतिसार यांमुळे तेथे लसीचा परिणाम कमी होत असे. इतरत्र तीन-चार डोसांत जे संरक्षण मिळते, त्यासाठी या भागातील मुलांना त्याहून कितीतरी अधिक डोस द्यावे लागले. बिहारमधील कोसी नदीच्या पूरक्षेत्रात कित्येक वस्त्यांपर्यंत पोचणे हेच मोठे आव्हान होते.

याखेरीज अविश्वासाचाही प्रश्न होता. या लसीमुळे मुले पुढे वंध्य होतात, अशी अफवा काही वस्त्यांत पसरली होती. जेथे दवाखाना नाही, पिण्याचे शुद्ध पाणी नाही, तेथे सरकार केवळ याच एका औषधासाठी महिन्या-दोन महिन्यांनी दारी का येते, हा पालकांचा प्रश्नही अवाजवी नव्हता. मुरादाबाद व आसपासच्या जिल्ह्यांत लस नाकारणाऱ्या कुटुंबांची संख्या लक्षणीय होती.

यावर दोन उपाय विशेष महत्त्वाचे ठरले. रोटरीने उत्तर प्रदेशात मुस्लिम धर्मगुरूंची उलेमा समिती स्थापन केली. समितीतील मौलाना मशिदींतून लसीच्या बाजूने आवाहन करीत, आणि प्रसंगी नकार देणाऱ्या कुटुंबांकडे पथकाबरोबर जात. दुसरा उपाय म्हणजे आरोग्य शिबिरे. क्लबांनी अशा वस्त्यांत डॉक्टर नेऊन ताप, खोकला, त्वचारोग यांसारख्या नेहमीच्या आजारांवर मोफत तपासणी व औषधे दिली. ज्या आजाराची लोकांना प्रत्यक्ष काळजी होती, त्यावर इलाज मिळाल्याने पोलिओच्या डोसाविषयीचा संशय कमी होण्यास मदत झाली. युनिसेफच्या सामाजिक संवाद जाळ्यातील स्थानिक महिला कार्यकर्त्यांनी घरोघरच्या संवादाचे मुख्य काम केले. अभिनेते अमिताभ बच्चन यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून ‘दो बूँद ज़िंदगी की’ हे घोषवाक्य घराघरांत पोचले.

सर्वाधिक जोखमीचे १०७ गट निवडून तेथे लसीकरणासोबतच स्वच्छता, हात धुणे, अतिसारावरील उपचार व स्तनपान यांवर भर देण्यात आला. जानेवारी २०१० पासून पहिल्या व तिसऱ्या प्रकारांच्या विषाणूंवर एकत्रित काम करणारी द्विसंयुजी लस वापरात आली.

=== महाराष्ट्र व गोवा ===

महाराष्ट्रातील क्लबांच्या दृष्टीने स्थलांतरित कुटुंबांची मुले हा कळीचा विषय होता. ऊसतोडणी कामगारांचे तळ, वीटभट्ट्या, बांधकामांवरील वस्त्या, रेल्वेस्थानके आणि बसस्थानके येथे फिरती पथके नेमली जातात, कारण या कुटुंबांची नोंद त्यांच्या मूळ गावीही नसते आणि नव्या जागीही नसते. २०१० साली देशात आढळलेल्या ४२ रुग्णांपैकी ५ महाराष्ट्रातील होते. कोल्हापूर, सांगली व कोकणाच्या दक्षिण भागातील क्लब गोव्यातील क्लबांसह एकाच रोटरी प्रांतात मोडतात.

मुंबईचा या मोहिमेशी असलेला संबंध क्लबांपुरता मर्यादित नाही. परळ येथील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्र हे पोलिओ विषाणूच्या तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या विशेष प्रयोगशाळांपैकी एक आहे. तोंडावाटे देण्याची लस कुपींत भरून पुरवणाऱ्या संस्थांमध्ये हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचा समावेश होतो.

=== रुग्णसंख्या ===

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूमुळे आढळलेल्या रुग्णांची वर्षवार संख्या अशी होती:

| वर्ष | रुग्ण |
|---|---|
| १९९८ | १,९३४ |
| १९९९ | १,१२६ |
| २००० | २६५ |
| २००१ | २६८ |
| २००२ | १,६०० |
| २००३ | २२५ |
| २००४ | १३४ |
| २००५ | ६६ |
| २००६ | ६७६ |
| २००७ | ८७४ |
| २००८ | ५५९ |
| २००९ | ७४१ |
| २०१० | ४२ |
| २०११ | १ |

या आकड्यांतील चढउतार लक्षणीय आहेत. २००२ मधील उद्रेक प्रामुख्याने उत्तर प्रदेशात झाला. २००५ साली संख्या ६६ वर आल्यानंतर पुढच्याच वर्षी ती दहापट झाली. २००९ मधील ७४१ रुग्णांपैकी ६०२ उत्तर प्रदेशातील व ११७ बिहारमधील होते, आणि त्या वर्षी जगातील सर्वाधिक रुग्ण भारतात नोंदले गेले. त्यामुळे भारतात पोलिओ कधीच संपणार नाही, असे मत तज्ज्ञांच्या वर्तुळातही व्यक्त होत असे.

=== पोलिओमुक्ती ===

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला लकवा झाला. भारतातील नैसर्गिक विषाणूचा तो शेवटचा रुग्ण ठरला. त्यानंतर वर्षभर एकही रुग्ण न आढळल्याने फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कायम प्रादुर्भाव असलेल्या देशांच्या यादीतून भारताचे नाव वगळले. भारत सरकार व रोटरी यांनी नवी दिल्ली येथे भरवलेल्या पोलिओ परिषदेत ही घोषणा झाली. त्या वेळी वापी येथील कल्याण बॅनर्जी हे रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष होते. सलग तीन वर्षे रुग्ण न आढळल्यावर २७ मार्च २०१४ रोजी भारतासह ११ देशांचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त प्रमाणित करण्यात आला.

== पुनर्वसन ==

लसीकरणामुळे नवे रुग्ण थांबले, तरी आधीच्या दशकांत अपंगत्व आलेली लक्षावधी माणसे समाजात आहेत. अनेक क्लब त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया शिबिरे घेतात. त्यांत आखडलेले स्नायू व वाकडे झालेले सांधे यांवर शस्त्रक्रिया केली जाते, ज्यायोगे रांगत चालणाऱ्या व्यक्तीला आधार घेऊन उभे राहता येते. त्यानंतर कॅलिपर, कुबड्या व तीनचाकी सायकली पुरवल्या जातात. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ व्यायामोपचार आवश्यक असतात. त्यामुळे शिबिराचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा पुढील पाठपुराव्यावर अवलंबून असते.

== टीका व मर्यादा ==

पोलिओप्लस आणि एकूणच पोलिओ निर्मूलन कार्यक्रमावर वेळोवेळी टीका झाली आहे.

* एकाच रोगावर केंद्रित कार्यक्रमामुळे आरोग्य कर्मचाऱ्यांचा वेळ व निधी नियमित लसीकरण आणि प्राथमिक आरोग्यसेवेपासून दूर जातो, असा आक्षेप सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी घेतला. याउलट, यासाठी उभारलेली सर्वेक्षण यंत्रणा व शीतसाखळी पुढे इतर लसींनाही उपयोगी पडली, असे समर्थक सांगतात.
* सेबिन लसीतील क्षीण विषाणू कमी लसीकरण झालेल्या समाजात दीर्घकाळ फिरत राहिल्यास पुन्हा लकवा घडवणारे रूप धारण करू शकतो. या कारणाने एप्रिल २०१६ मध्ये जगभर लसीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला. भारताने त्याआधी नोव्हेंबर २०१५ मध्ये टोचून देण्याच्या लसीचा नियमित लसीकरणात समावेश केला.
* २००० सालची मूळ मुदत अनेकदा पुढे ढकलावी लागली. वारंवार होणाऱ्या फेऱ्यांमुळे देणगीदार, कर्मचारी व पालक यांना थकवा येतो, हा अडचणीचा मुद्दा राहिला आहे.
* सेवा क्लबांचे सदस्यत्व शहरी, सुस्थित व्यावसायिकांपुरते मर्यादित असल्याचा आरोप होतो. रोटरीने स्त्रियांना सदस्यत्व नाकारण्याचा नियम १९८९ साली मागे घेतला. त्यापूर्वी १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील दुआर्ते येथील क्लबाच्या प्रकरणात स्त्रियांच्या बाजूने निर्णय दिला होता. म्हणजे पोलिओप्लसची पहिली निधी मोहीम झाली तेव्हा स्त्रिया या कामात होत्या, पण रोटरीच्या नियमांनुसार सदस्य नव्हत्या.
* वर्षाकाठी एक रविवार बूथवर हजेरी लावणाऱ्या सदस्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते. वर्षभर दारोदार फिरणारी, अत्यल्प मानधनावर काम करणारी कार्यकर्ती मात्र अदृश्य राहते, हा आक्षेपही स्वयंसेवेच्या या स्वरूपाविषयी घेतला जातो.

== सद्यस्थिती ==

नैसर्गिक पोलिओ विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसऱ्या प्रकाराचे निर्मूलन २०१५ साली व तिसऱ्याचे २०१९ साली प्रमाणित झाले. दुसऱ्या प्रकाराचा जगातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९९९ साली उत्तर प्रदेशातील अलीगढ येथे आढळला होता. २५ ऑगस्ट २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त घोषित झाला. पहिल्या प्रकाराचा विषाणू अफगाणिस्तान व पाकिस्तान या दोन देशांत टिकून आहे. २०२१ साली जगभरात केवळ ६ रुग्ण आढळले होते. २०२४ मध्ये मात्र एकट्या पाकिस्तानात ७४ रुग्णांची नोंद झाली. पाकिस्तानात लसीकरण पथकांवर झालेल्या हल्ल्यांत अनेक कर्मचारी व त्यांना संरक्षण देणारे पोलीस मृत्युमुखी पडले आहेत.

विषाणू शेजारी देशांत असेपर्यंत तो भारतात परत येण्याची शक्यता राहते. त्यामुळे भारतात राष्ट्रीय लसीकरण दिवस, लकव्याच्या रुग्णांचे सर्वेक्षण आणि मुंबईसह काही शहरांतील सांडपाण्याची तपासणी सुरू ठेवण्यात आली आहे. २४ ऑक्टोबर हा दिवस रोटरीच्या पुढाकाराने जागतिक पोलिओ दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने स्थानिक क्लब निधी संकलनाचे व जनजागृतीचे कार्यक्रम घेतात.

== हेही पहा ==

* पोलिओ
* पल्स पोलिओ
* रोटरी इंटरनॅशनल
* जागतिक आरोग्य संघटना
* लसीकरण